स्टुलाएवढी जागा

आमची पहिली भेट झाली ती भाताच्या पाण्यामुळे.

थंडी नुकतीच सरली होती. मागच्या अंगणात मी पिटुनियाच्या रोपांपाशी स्टुलावर वाकून बसले होते आणि एकेक रोप बोटांनी दाबून मातीत बसवत होते. इतक्यात वरून गरम, पांढरट, चिकट पाणी आलं... अर्धं रोपांवर, अर्धं माझ्या खांद्यावर. मी मान वर केली. पहिल्या मजल्याच्या खिडकीत एक पातेलं, पातेल्यामागे एक चष्मा, आणि चष्म्यामागे एक घाबरलेला माणूस.

“पाणी होतं,” तो म्हणाला.

“ते कळलं.”

“भाताचं. जरा जास्त झालं होतं.”

एवढ्यावर गप्प बसणाऱ्यातली मी नव्हे. हातातलं खुरपं तसंच घेऊन मी बाहेरचा लोखंडी जिना चढले. वरची खोली इतकी वर्षं आमच्या अडगळीची होती, खिडकीला कपाट टेकवलेलं. दादाने ती नुकतीच साफ करून भाड्याने दिली होती, आणि नवा भाडेकरू कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, एवढंच आईने सांगितलं होतं. दार उघडलं. शर्टाच्या बाहीवर शितं, हातात अजून पातेलं.

“दिवसभर लोकांना चष्मे लावता,” मी दारातूनच म्हणाले, “स्वतः एकदा खाली बघायला काय जातं?”

“बघितलं होतं. चष्मा लावला की मला सगळं नीट दिसतं,” तो गंभीरपणे म्हणाला. “तुम्ही दिसला होतात.”

“मग?”

“म्हणूनच तर पातेलं कलंडलं.”

याला मी काहीतरी झणझणीत उत्तर दिलं असतं. पण ते मला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सुचलं, आणि तेवढ्यासाठी पुन्हा वर जाणं बरं दिसलं नसतं.

आता घरातलं सांगते. मी अर्धा दिवस शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात या घराचा स्वयंपाक करते. आईचे गुडघे गेले तेव्हापासून चूल माझ्याकडे आली, ती आलीच. दादाला ऑफिस, वहिनीला ऑफिस. माझी तक्रार नव्हती, कारण मागचं अंगण माझं होतं. फ्लॉक्स, पॅन्सी, डेलिया, भिंतीवर चढवलेली गुलाबाची वेल. दुपारी पातेली घासून झाली की मी तिथे जाऊन बसायची, आणि मग मला कोणी हाक मारली तरी ती ऐकू यायची नाही. म्हणजे यायची, पण मी उठायची नाही.

त्या रात्री जेवताना दादाने, मीठ मागावं तितक्या सहज सांगितलं की नवी गाडी येतेय, तेव्हा ती लावायला मागे फरशी टाकून घेऊ. माणसं ठरवली आहेत. फुलं काय, कुंडीतसुद्धा येतात.

आई ताटात बघत राहिली. वहिनीनेही मान खाली घातली.

“मला विचारलंस?” मी म्हटलं.

“त्यात विचारायचं काय?”

“मग फरशी रद्द होईपर्यंत स्वयंपाक बंद, आणि पडली तर कायमचा बंद.”

दादा हसला. तसा तो वाईट माणूस नाही, पण ते हसू मला झोंबलं. म्हणाला, स्वयंपाक म्हणजे काय मोठी कला आहे, कोणीही करेल.

“छान,” मी हात धुऊन उठले. “मग कोणीही करा.”

दुसऱ्या दिवशी आमची शेगडी थंड. वहिनीने पाव भाजले, ते एका बाजूने काळे आणि दुसऱ्या बाजूने पांढरे झाले. दादाने दूध उतू घालवलं आणि ओटा पुसायला माझाच चांगला टॉवेल घेतला. मी शाळेतून आले, स्टूल उचललं आणि वाफ्यांच्या मधोमध माझ्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. संप माझा होता खरा, पण पोटाला त्याची कल्पना कोणी दिली नव्हती. विकतचं आणून खायला माझा हट्ट आड येत होता. दोन वाजेपर्यंत मला डेलियाचे कंदसुद्धा बटाट्यासारखे दिसायला लागले.

आणि मग वरून कांदा करपल्याचा वास आला.

“गॅस कमी करा,” मी सवयीने म्हणाले. वर न बघता.

वर झारा थांबला. मग हळूच, “कोण, मी?”

“दुसऱ्या कोणाचं करपतंय?”

गॅस कमी झाला. तडतड खाली उतरली. मी कान दिला.

“आता कांदा कसा दिसतोय?” मी विचारलं.

“पांढरा. म्हणजे... नव्या शर्टासारखा नाही. रोजच्या शर्टासारखा.”

मला हसू आलं, ते मी पॅन्सीकडे बघून गिळलं. “ढवळत राहा. तडतड थांबून नुसती सळसळ ऐकू आली की बटाटे टाका.”

“तुम्हाला तिथून ऐकू येतं?”

“वासही येतो. तुम्ही तेल जरा जास्तच ओतलंय.”

“अहो खालच्या,” तो म्हणाला, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं, “तुम्ही जेवलात का?”

मी जोरजोरात माती उकरायला लागले. माझं नाव त्याला ठाऊक नसावं, म्हणून मी ‘खालच्या’ झाले. मग तोही ‘वरचे’ झाला, आणि पुढे नावं कळली तरी आम्ही ती वापरली नाहीत.

थोड्या वेळाने खिडकीतून दोरी खाली आली. दोरीला वेताची टोपली, टोपलीत झाकलेली ताटली. भात, बटाटे, मटार. मी पहिला घास घेतला.

“वरचे, मीठ?”

दोरी वर गेली. पुन्हा खाली आली, तेव्हा टोपलीत मिठाची आख्खी बरणी होती.

मग रोजच तसं होऊ लागलं. दुपारच्या सुट्टीत तो दुकानातून यायचा आणि खिडकी उघडायचा. मी खाली माती उकरत शिकवायची आणि तो वर शिकायचा. कढई माझ्या डोळ्यांना दिसत नव्हती, म्हणून मला नाकाने आणि कानाने स्वयंपाक करावा लागत होता. पाण्याला उकळी फुटलेली मला खालून कळायची. अंडं फोडताना त्याचा हात कचरतो, हेही कळायचं. त्याच्या खोलीत मी नव्हते, तरी तिथलं सगळं मला पाठ होत होतं... डब्याचं झाकण घट्ट आहे, झारा वाकडा आहे, आणि मी रागावले की तो उगाचच खोकतो.

रिकामी टोपली वर जाताना मी तीत एखादं फूल ठेवायची. भांडी रिकामी परत करू नयेत, एवढंच कारण होतं. असं मी स्वतःला सांगत होते.

“तुमच्या रांगा सरळ नाहीत हं,” एकदा तो म्हणाला. “वरून दिसतं.”

“सरळच आहेत. दोरी धरून लावल्यात.”

“मग वर येऊन बघा.”

“बोलावलंत म्हणून मी येणार नाही.”

“बरं. बोलावलं नाही. आता?”

मी गेले नाही. खरं कारण असं की मी जागा सोडावी, हेच दादाला हवं होतं. दुसरं कारण असं की मला तो आवडायला लागला होता, आणि हे माझ्या चेहऱ्यावर एवढं स्पष्ट लिहिलेलं असणार की त्याला चष्म्याचीही गरज पडली नसती.

एका दुपारी आई गुडघे धरत अंगणात आली, माझ्याशेजारी उलट्या घमेल्यावर बसली आणि काही न बोलता माझ्या ताटलीतला भात खाऊ लागली. चार घास झाल्यावर म्हणाली, “मीठ सुधारलंय आज.” म्हणजे तिने आधीही कधीतरी चाखलं होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून मान लांब करून बघत होती.

दादाला हे कळायला वेळ लागला नाही. तो वर गेला. काय बोलणं झालं ते मला त्या संध्याकाळी खिडकीतूनच कळलं, आणि तेही मला विचारून काढावं लागलं. टोपली बंद करा, नाहीतर खोली सोडा, असं दादाने सांगितलं होतं.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, कांदा गॅसवर आहे, नंतर बोलू.”

या वेळी मला हसू आलं नाही. खोली मिळेपर्यंत तो बिचारा कुठे कुठे राहिला होता, ते त्यानेच मला सांगितलं होतं. “टोपली बंद करा,” मी म्हणाले. “भांडण माझं आहे. त्यापायी तुमच्या डोक्यावरचं छप्पर जायला नको.”

खिडकी लागली. मी बराच वेळ त्याच रोपाला पाणी घालत राहिले, शेवटी त्याच्या बुडाशी डबकं झालं.

सकाळी मागच्या गल्लीत वाळूचा टेम्पो येऊन उभा राहिला. घमेली, फावडी, दोन माणसं. सुट्टीचा दिवस होता. मी स्टूल घेऊन वाफ्यांच्या मधोमध बसले आणि हाताची घडी घातली.

दादा आधी समजुतीने बोलला. मग चढ्या आवाजात. हा पोरकटपणा आहे, लोक बघतायत, माणसं खोळंबली आहेत. फावडेवाला म्हणाला, साहेब, आधी घरातलं मिटवून घ्या. त्याचा दादाला आणखी राग आला. हे असं चाललं होतं, आणि त्यातच... दोरी खाली आली.

टोपली हळूहळू उतरली आणि दादाच्या नाकासमोर येऊन थांबली. तीत ताटली होती. वाफ येत होती.

दादाचा चेहरा लालबुंद झाला. “हा माणूस आजच्या आज खोली सोडेल,” तो म्हणाला.

“मग मीही हे घर सोडेन.”

“तू? का? तो तुझा कोण लागतो?”

अंगणात सगळे थांबले. फावडेवालासुद्धा. मला वाटलं होतं असं विचारलं की मी लाजेन, पण लाज काही केल्या आलीच नाही.

“अजून कोणी नाही,” मी म्हणाले, आणि खिडकीपर्यंत पोहोचावं अशा आवाजात म्हणाले. “पण मला तो आवडतो. या घरात मी इतकी वर्षं सगळ्यांना वाढत आले, दादा. मला ताट वाढून कोणी दिलं? त्याला धड भात येत नव्हता, तरी त्याने दिलं. काल तू धमकी दिलीस आणि आज तो तुझ्यासमोर देतोय. कोणीही करेल म्हणालास ना? कोणी केलं ते बघ.”

दोरी हलायची थांबली. मग करपट वास पसरू लागला.

“वरचे,” मी म्हणाले, “आधी गॅस बंद करा.”

भांडं आदळल्याचा आवाज आला. फावडेवाला तोंड फिरवून हसला.

आई तोवर दारात येऊन उभी होती. ती दादाला शांतपणे म्हणाली, “ही जाणार असेल, तर मीही वरच जाते. बाग तरी दिसेल, आणि दोन घास वेळेवर मिळतील.”

“आई, तू मध्ये...”

“गाडी मी चालवणार आहे,” वहिनी मध्येच बोलली, आणि इतके दिवस ती हे बोलायची वाट बघत होती, हे तिच्या आवाजावरूनच कळलं. “ती रस्त्यावर उभी राहील. मला चालेल. पण मलाही कोणी विचारलं नव्हतं.”

दादाने तिघींकडे आळीपाळीने पाहिलं. त्याची बाजू घ्यायला आता फक्त वाळू उरली होती. शेवटी त्याने मान हलवली आणि माणसांना सांगितलं की काम रद्द.

“दोन घमेली डेलियात टाका,” मी म्हणाले. “पाण्याचा निचरा होतो.”

“आणि आता स्वयंपाक?” दादाने पडलेल्या आवाजात विचारलं.

“पाळीपाळीने. उद्या तुझी पाळी. कांद्याला गॅस कमी ठेव.”

मग मी दोरीची गाठ सोडली, टोपली हातात घेतली आणि जिना चढले. या वेळी खुरपं नव्हतं, आणि मधल्या पायरीवर मी उगाचच थांबले. एवढं सगळं जगासमोर बोलून झाल्यावर आता कसली भीती, तेच कळत नव्हतं.

दार उघडंच होतं. तो कढईसमोर उभा होता, कढईत कोळसा. चष्म्यावर वाफ धरलेली. त्याने नुसतं खिडकीकडे बोट केलं.

मी खाली वाकून पाहिलं. माझी बाग मी अशी कधीच पाहिली नव्हती. निळा फ्लॉक्स, पिवळी पॅन्सी, भिंतीपाशी गुलाब... आणि रांगा खरंच वाकड्या होत्या. साऱ्या मधोमध येऊन वळत होत्या, कारण मधोमध एक उघडी जागा होती, गोल, स्टुलाएवढी. माझा हात जिथवर पुरेल तिथवर मी दरवर्षी स्वतःभोवती लावत गेले होते, आणि ते मला कधी कळलंच नव्हतं.

“आलो त्या दिवशी तिथे तुम्ही होतात,” तो मागून म्हणाला. “तेव्हापासून ती जागा रिकामी दिसली की मला भूक लागत नाही. तुम्ही खालून ओरडून सांगितलंत. मला तसं जमणार नाही. मी हळूच सांगतो... मलाही तुम्ही फार आवडता.”

“तुम्ही-बिम्ही पुरे आता,” मी म्हणाले. वळले नाही, कारण डोळे भरले होते आणि माझा तोरा मला थोडा वेळ आणखी टिकवायचा होता. “आणि यापुढे भाताचं पाणी बेसिनमध्ये ओतत जा.”

“आणि तू खाली नसशील तेव्हा?”

“तेव्हाही.”

आम्ही खिडकीच्या कट्ट्यावर बसलो आणि टोपलीतल्या त्या एकाच ताटलीतून जेवलो. भात गार झाला होता. पण मीठ अगदी बरोबर होतं.