बॉनेटखालची टकटक

कुमुदिनीबाईंचा नेम साधा होता. सकाळी आंघोळ झाली की देवघरात बसायचं आणि जपाची माळ पुरी होईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. लग्न होऊन बदलापुरात, हेंद्रेपाड्यात आल्या तेव्हापासूनचा हा नेम. विष्णुपंतांनी त्या मौनाची थट्टा खूप केली, पण ते मोडलं मात्र कधी नाही. सोमवारी दोघं अंबरनाथच्या शिवमंदिरात जात. विष्णुपंत आवरून आले की देवघराच्या चौकटीवर गाडीच्या किल्लीने तीनदा टकटक करत. म्हणजे, झालं का? निघायचं? बाई उत्तरादाखल ताम्हणावर पळी वाजवत. एकदा वाजली की झालं, आलेच. दोनदा वाजली की थांबा जरा. मग ते खाली जाऊन गाडी सुरू करून बसत. बाई जिना उतरून आल्या की आधी बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावत. पत्रा कोमट लागे.

"गाडीला नमस्कार, आणि मला?" विष्णुपंत काच खाली करून विचारत.

ते गेले तेही सोमवारीच. त्या दिवशी बाईंनी पळी दोनदा वाजवली होती. खाली आल्या तेव्हा गाडी सुरू होती आणि विष्णुपंत स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसलेले होते. थांबा म्हटलं, म्हणून थांबले होते.

त्याला आता दोन वर्षं झाली. ती जुनी पांढरी गाडी बाईंनी विकली नाही. विष्णुपंतांनीच कधीकाळी हट्टाने चालवायला शिकवली होती, ती विद्या आता उपयोगी पडली. सोमवारी त्या एकट्याच मंदिरात जाऊन येत.

यंदा लेक राजसी बाळंतपणाला माहेरी आली. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्यामुळे या वेळी ती आईचा पदर सोडायला तयार नव्हती.

"आई, दवाखान्यात मला तूच न्यायचंस. तू शेजारी असलीस ना, की होईल सगळं नीट."

"मीच नेणार. बाळ हातात घेईपर्यंत कुठे हलत नाही," बाई म्हणाल्या. देवासमोर बसून दिलेला शब्द होता तो.

आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो चिखलोलीजवळ. पुढे ट्रक अडकला होता, गाडी उभी होती, आणि बॉनेटखाली काहीतरी ठोकल्यासारखं झालं. बाईंनी कान दिला. गाडी हलली आणि रस्त्याच्या गोंगाटात तो आवाज बुडाला. पुढच्या सोमवारी मात्र मंदिरापासून घरापर्यंत त्याने पाठ सोडली नाही. राजसीला घेऊन ऐन वेळी गाडी बंद पडली तर काय, या काळजीने बाईंनी दुसऱ्याच दिवशी उल्हासनगर गाठलं.

महेशचं गॅरेज सिंधी लोकांच्या स्पेअर पार्टच्या दुकानांमागे, पत्र्याच्या शेडमध्ये. विष्णुपंत अंबरनाथच्या कारखान्यात होते तेव्हापासून गाडी त्याच्याकडेच येई.

"काकू, पेट्रोल कुठे भरता? भेसळ असली तरी इंजिन ठोकतं."

"नेहमीच्याच पंपावर भरते रे."

महेशने लांब पेचकस घेतला. त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डॉक्टर छाती तपासतो तसा तो जागा बदलत ऐकत राहिला.

"काहीच नाही. एकदम मक्खन चालतंय. तुम्ही जरा आत बसून रेस द्या बरं."

बाई आत बसल्या आणि आवाज सुरू झाला.

"उतरा." आवाज थांबला. "परत बसा." पुन्हा सुरू.

"तुम्हालाच ओळखते ही, काकू. आम्ही परके," महेश हसला. मग पेचकस खाली ठेवून म्हणाला, "पण एक गोष्ट पटत नाही. रेस वाढवली की ठोकणंही पळायला पाहिजे. हे पळत नाही. आपल्या चालीने वाजतं, मग थांबतं. कोणी ओ देतंय का बघितल्यासारखं."

"कसं वाजतं? मला आत धड कळत नाही."

महेशने पाना उचलून टेबलावर वाजवून दाखवलं. टक. टक. टक.

बाईंच्या उजव्या हाताची बोटं आपोआप मिटली, पळी धरल्यासारखी. त्या हाताकडे बघत राहिल्या.

"परत वाजव."

"नको, काकू." महेशने पाना ठेवून दिला. "बेरिंग असेल. इंजिन उतरवून बघतो."

घरी राजसी वाट बघत होती. "काय म्हणाला महेश?"

"इंजिन खोलतोय."

"बाबा असते तर त्यांनी महेशलाच खोललं असतं," ती म्हणाली आणि पोट धरून हसली. बाईही हसल्या.

दोन दिवसांनी महेशचा फोन आला. "काकू, बेरिंग नव्यासारखं आहे. तुम्ही जरा येऊन जा."

"झालं काय?"

"फोनवर नको."

बाई रिक्षाने गेल्या. भर दुपार होती. दुकानांतून हिंदी-सिंधीत भावताव चालला होता. महेश शेडच्या बाहेर उभा होता. आत गोणपाटावर इंजिन पडलं होतं, ऑइल काढलेलं, गार. पलीकडे सावलीत गाडी उभी होती. बॉनेट बंद.

"बंद का केलंस?"

"उघडं ठेवून तिकडे बघवेना." तो हात पुसत राहिला. हात कधीच कोरडे झाले होते. "आधी तुम्ही असलात तरच वाजायचं. आता तुम्ही नसतानाही वाजतं. दुसरी गाडी बघा, काकू."

बाई गाडीजवळ गेल्या.

बॉनेटखाली, जिथे आता काहीच नव्हतं तिथे, वाजलं.

टक. टक. टक.

झालं का? निघायचं?

बाईंचे डोळे भरून आले. भीती वाटली नाही. दोन वर्षं देवघराच्या चौकटीवर कोणी वाजवलं नव्हतं. रोज माळ संपली तरी त्या थोडा वेळ तशाच बसून राहत. आता एकदा वाजवलं की झालं. आलेच. बस, एकदाच.

त्यांनी हात पुढे नेला. मनगटातली पाटली पत्र्यापासून बोटभर अंतरावर आली.

पिशवीतला फोन वाजला.

"आई, कुठे आहेस गं? सकाळपासून नुसत्या लाथा मारतंय. तू हात ठेवलास की गप्प बसतं. ये ना."

"येते, बाळा."

बाईंनी फोन ठेवला. बॉनेटखाली पुन्हा वाजलं. हळू. आर्जवाने.

नेम नव्हता, मौन नव्हतं, तरी बाई बोलल्या नाहीत. त्यांनी पाटली पत्र्यावर वाजवली.

एकदा.

मग डोळे मिटून, आणखी एकदा.

थांबा जरा.

आवाज थांबला. बराच वेळ काही वाजलं नाही.

"गेला?" महेशने दारातूनच विचारलं.

बाईंनी सवयीने नमस्कारासाठी बॉनेटला हात लावला. तो कपाळापर्यंत गेलाच नाही.

पत्रा कोमट होता. आणि तळव्याखाली बारीक थरथरत होता, कोणाची तरी वाट बघत सुरू ठेवलेल्या गाडीसारखा.