सावलीची ओळ गेली कुठे?

चंद्रावर धाडलेली मिरचीची रोपं चार दिवसांत करपली. निघताना तर टवटवीत होती. दापोलीला रोपवाटिका चालवणाऱ्या कुंदामावशीला कळेना, चुकलं कुठे. आज दुपारी दुसरी खेप निघायची होती. तीही करपली, तर चंद्रवसाहत पुन्हा तिची रोपं घेणार नव्हती.

नऊ वर्षांची शाल्मली सुट्टीला मावशीकडे आली होती. तिने पहिल्या खेपेच्या पाठवणीपत्राची (रोपांसोबत जाणाऱ्या छापील फॉर्मची) प्रत शोधून काढली. सूचनांच्या रकान्यात तीन ओळी होत्या. मावशीने तर चार टाइप केल्या होत्या. चौथी होती, ‘पहिले आठ दिवस सावलीत ठेवा.’

“छापलीच नाही की गं ही,” मावशी म्हणाली.

फॉर्म छापणारं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं. मावशीचा यंत्रमानव गोट्या याने दोन नवी शोधली. एकाच्या फॉर्मला कडेने वेलबुट्टी होती. मावशीचा जीव तिच्यातच अडकला. दुसरं अगदीच साधं. गोट्याने समजावलं, की फॉर्ममध्ये दोन गोष्टी असतात. एक साचा (रेघा, रकाने, शीर्षकं, सगळ्या प्रतींत सारखं) आणि दुसरी माहिती (दर रोपाची वेगळी). त्यांचा मेळ घालून छापायचं, हे सॉफ्टवेअरचं काम. नमुना म्हणून त्याने मेथीचा फॉर्म छापला. दोन्हींचा झकास आला.

शाल्मलीला पटेना. “मेथीच्या दोनच ओळी, त्या कुठेही मावतील. सगळ्यात लांबलचक सूचनांचं घे ना.”

तसं होतं केशर. अकरा ओळी! वेलबुट्टीवाल्याने पाच छापल्या, बाकीच्या चक्क गिळल्या. साध्याने आधी मजकूर मोजला, मग रकाना वाढवला आणि खालचे रकाने आणखी खाली सरकवले.

“म्हणजे हे इडलीपात्र आणि हा घावनाचा तवा,” शाल्मली म्हणाली. “वाटीत मावेल तेवढंच पीठ. तव्यावर मात्र पीठ असेल तेवढं घावन.”

“आणि तवा भरला की दुसरं पान,” गोट्या म्हणाला. घावन त्याने जन्मात चाखलं नव्हतं.

मावशीने वेलबुट्टीकडे एकवार पाहिलं आणि साधं निवडलं. छापलेल्या प्रत्येक फॉर्मची शेवटची ओळ शाल्मलीने बोट ठेवून तपासली, मगच खेप निघाली.

आता रोपांची खबर घेऊन वसाहतीतून परत येणारा फॉर्म तेवढा बनवायचा राहिला होता. त्यात शाल्मलीने तिथल्या मुलांसाठी एक रकाना घालायला लावला: ‘रोपाने आज काय केलं?’

“केवढा ठेवू?” गोट्याने विचारलं.

“ते चंद्रावरच्या मुलांना ठरवू दे.”