चालू राहू दे

बायको गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्या दिवशी घरी येऊन मी आधी तिचा कॉम्प्युटर चालू आहे ना ते पाहिलं. चालू होता. माझी ताई म्हणाली, आता तरी बंद कर. मी नाही म्हणालो. आजही नाहीच म्हणतो.

एकदा मी ती चूक केली होती.

तेव्हा मी कॉलेजात कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. गणित विभागातलं एक मशीन तीन दिवस नुसतं घरघरत होतं, पडद्यावर काही नाही. अडकलंय समजून मी बटण दाबलं. तेवढ्यात दारात ती, हातात चहाचा कप.

"अडकलंय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तीन दिवस उत्तर नाही, म्हणजे..."

"म्हणजे तीन दिवस उत्तर नाही. बस."

शिक्षा म्हणून मशीन पुन्हा सुरू करून रोज त्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी ठेवलं — मशीनवर कमी, तिच्यावर जास्त. तिला ते कळायचं. मग खडूचा तुकडा नेम धरून माझ्या कपाळावर यायचा.

प्रोग्रामचा अर्थ काय, हे गणिताने सांगायचं, असं तिचं काम. फळ्यावर सगळ्यात खाली ती एक खूण काढायची : इथे काहीच माहीत नाही. त्याच्या वर थोडं कळलेलं, त्याच्या वर आणखी थोडं. वर जाताना भर घालायची, कळलेलं खोडायचं नाही. कधीच उत्तर न देणाऱ्या प्रोग्रामलाही तिच्याकडे जागा होती. सगळ्यात खाली, पण हक्काची. मला ते फार आवडलं. दहावीच्या निकालापासून मीही तिथेच होतो.

तिच्या दादाला मी पसंत नव्हतो. एवढी शिकलेली बहीण आणि पेचकस घेऊन फिरणारा नवरा, लोक हसतील, असं तो माझ्या तोंडावर बोलला. ती फळा पुसत होती. मागे न वळता म्हणाली,

"दादा, पहिल्या दिवशी मला याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. रोज थोडं कळत गेलं. कळलेलं अजून एकदाही खोडावं लागलं नाही."

मी तिथेच उभा होतो. लग्नाचं मला वेगळं असं विचारलंच नाही तिने.

अकरा वर्षं संसार झाला. आता तोच दादा म्हणतो, तिचे कागद कॉलेजला दे, टेबल आवर, पुढचं बघ. का म्हणून? ती लिहीत होती त्या पुस्तकाची सहा प्रकरणं मी वाचून काढली आहेत, पेन्सिल हातात धरून. हसणाऱ्यांनी हसावं.

तिने शेवटचा सुरू केलेला प्रोग्राम अजून चालतो आहे. उत्तर आलेलं नाही. सातव्या प्रकरणातली तिची सिद्धता अर्धी राहिली आहे; पेन्सिल घेऊन मी आता तिथे आलो आहे.