मागचं टेबल

आमचं दुकान पाट्यांचं. दारावरच्या, गाडीवरच्या, काचेवरच्या. ‘ओढा’ आणि ‘ढकला’ या दोन पाट्या सगळ्यांत जास्त खपतात, आणि त्या वाचून उलटं करणारी माणसंही तेवढीच भेटतात.

काम साधं आहे. रंगीत व्हिनाइलचा, म्हणजे चिकट प्लॅस्टिकच्या कागदाचा, रोल यंत्रात घालायचा, संगणकावर अक्षरं मांडायची, यंत्रातलं बारीक पातं ती कापतं. मग अक्षरांच्या आजूबाजूचं नको असलेलं व्हिनाइल नखानं सोलून काढायचं. सोलणं माझ्याकडे. संगणकावर सून बसते. तिच्याआधी माझा मुलगा बसायचा. गेल्या वर्षी एका दुकानावर पाटी चढवताना शिडी सरकली आणि तो गेला.

यंत्र येण्याआधी मी हीच अक्षरं हातानं कापायचे. दुसऱ्यानं आखून दिलेल्या रेघेवरून पातं फिरवायचं, बस. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. अर्ध्या गावाची नावं मी कापली आणि त्यातलं एकही मला ठाऊक नव्हतं. वाचायला मुलानं शिकवलं, माझे केस पांढरे झाल्यावर. त्यानं अ पासून सुरुवात केली नाही, ळ पासून केली. कारण आमच्या दुकानात नवा रोल लावला की आधी कोपऱ्यात एक ळ कापून बघायची पद्धत. बाकीचे पाटीवाले चौकोन कापतात. मुलगा म्हणायचा, “चौकोन काय, कुणालाही येतो. ळ नीट आला की पुढचं सगळं नीट येतं.”

पातं हातात धरायला मात्र त्याला मी शिकवलं होतं. हातानं ळ कापताना त्याच्या दोन पोटांच्या मध्ये, जिथे रेघ उलटी वळते, तिथे मी थांबते आणि कागद फिरवते. तिथे एक बारीकशी खाच राहते. तो हसायचा. “आई, ही तुझी सही.” पण त्याच्या हातालाही तीच सवय लागली. यंत्र थांबत नाही, त्यामुळे यंत्राच्या ळ ला खाच नसते.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे लागणार आहे.

संगणक बिघडला तेव्हा हातात एका नव्या दवाखान्याचं काम होतं. प्रत्येक खोलीच्या दारावरची पाटी, बाणांसकट, सगळी निळ्या अक्षरांत. सुनेच्या भावानं तिला सांगून ठेवलं होतं, “एवढं काम वेळेवर गेलं तर चालव दुकान. नाही गेलं तर कुलूप लाव आणि आमच्याकडे ये.” तिनं मान डोलावली होती. मी मध्ये पडले नाही. पण तिच्याशिवाय घर कसं दिसेल, हे रोज भांडी विसळताना डोळ्यांसमोर यायचं.

दुरुस्तीवाल्याला आम्ही डॉक्टर म्हणतो. तो आधी संगणकाला कान लावतो, मग तोंड वाकडं करतो. मुलाचा जुना दोस्त.

“वहिनी, ऑपरेशन करावं लागणार,” तो म्हणाला. “सगळं पुसून सिस्टिम नव्यानं टाकतो. फाइली काढून ठेवल्यात ना?”

“ठेवल्यात.”

“मग घाबरू नका. पेशंट वाचेल.”

सुनेनं त्याच वेळी संगणक मागच्या खोलीतून पुढे, दाराजवळच्या उजेडात आणला. कापायचं यंत्रही आणलं. मागे फक्त रिकामं टेबल राहिलं, संगणकाच्या जागी धूळ नसलेला चौकोन असलेलं.

सिस्टिम चढली. कुठलं नाव देऊ, असं संगणकानं विचारलं, तेव्हा सुनेनं लिहिलं ‘पुढचं टेबल’. मग पडद्याच्या कोपऱ्यात फिकट अक्षरं आली. मी वाचली. सिस्टिमचा परवाना चालू करा, असं ती सांगत होती. आणि तो चालू केल्याशिवाय कापायचं सॉफ्टवेअर उघडेना.

“परवाना विकत घेतलेला आहे,” सून म्हणाली. “ह्यांनी घेतला होता.”

“मग प्रश्नच नाही. नंबर घाला.”

तिनं नंबर घातला. उत्तर आलं: हा परवाना दुसऱ्या संगणकावर वापरात आहे. खाली त्या संगणकाचं नाव होतं. ‘मागचं टेबल’.

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. “चूक माझीच. पुसण्याआधी जुनं नाव सोडवून घ्यायचं असतं, ते राहिलं. दुसरा वगैरे कुणी नाही हो, हाच तो. भाडेकरू गेला तरी दारावर त्याची पाटी राहते ना, तसं.”

“मग काढा पाटी,” मी म्हटलं.

“काढतो की, मावशी.”

त्यानं मुलाच्या खात्यात जाऊन ते नाव काढलं. कोपऱ्यातली फिकट अक्षरं गेली. सुनेनं निळा रोल लावला, मी नखं पुसली, आणि पहिली पाटी कापायला घेणार तोच ती अक्षरं परत आली. ‘मागचं टेबल’ यादीत पुन्हा बसलं होतं.

डॉक्टरनं परत काढलं. ते परत आलं.

नावापुढे शेवटच्या वापराची वेळ असते. ती मी डॉक्टरच्या खांद्यावरून वाचली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एकच होती. डॉक्टरनं पान ताजं केलं. घड्याळाबरोबर यादीतली वेळही पुढे सरकली.

“नंबर कुणीतरी चोरलाय,” तो म्हणाला.

“आणि चोरानं नाव ‘मागचं टेबल’ ठेवलंय?” सून म्हणाली.

डॉक्टरनं खात्याचा पासवर्ड बदलला. इंटरनेटचा डबा भिंतीतून उपटला आणि स्वतःच्या फोनवरून जोडणी घेतली. काही फरक पडला नाही. मग त्यानं तो दुसरा संगणक कुठल्या जागेवरून चालतोय ते उघडून पाहिलं, आणि लगेच मिटून टाकलं.

“कुठे आहे?” मी विचारलं.

“या असल्या गोष्टींवर भरवसा नसतो, मावशी. शेजारच्या गल्लीतला माणूस समुद्रात दाखवतात.”

“पण दाखवलं कुठे?”

“इथेच,” तो म्हणाला.

दुपार होती. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो टीं टीं आवाज येत होता. तो थांबला तेव्हा दुसरा ऐकू आला. बारीक, सरकत जाणारा, मध्येच उलटा फिरणारा. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. व्हिनाइल कापणाऱ्या पात्याचा.

आमचं यंत्र माझ्यासमोर होतं. त्याचा दिवासुद्धा लागलेला नव्हता.

सून मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होती. डॉक्टर पिशवीत काहीतरी शोधत राहिला, पण पिशवीतून काही काढलं नाही.

मी उठून आत गेले. टेबल रिकामं होतं. तो धूळ नसलेला चौकोन तसाच होता. खाली फरशीवर लाल व्हिनाइलची एक सोललेली चिंधी पडली होती, केसाएवढी पातळ, गोल गुंडाळलेली. अक्षराच्या पोटाभोवतून निघते तशी. दिवाळं निघाल्यासारखं आमचं कपाट तेव्हा रिकामं होतं. दुकानात होतं ते फक्त निळं. लाल रोल आम्ही अजून मागवलाही नव्हता.

चिंधी मी पदराच्या टोकात बांधली आणि बाहेर आले.

“काही आहे का?” सुनेनं विचारलं.

“झाडायला झालंय,” मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाला, आता एकच उपाय, सिस्टिमच्या कंपनीला फोन करायचा. पडद्यावर आकड्यांचे गट येतात, ते फोनवर दाबायचे, मग तिकडून उलट आकडे मिळतात. मी आकडे वाचू लागले, सून दाबू लागली. फोन तिनं मोठ्या आवाजावर ठेवला होता. सगळे आकडे झाल्यावर ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, “ही प्रत किती संगणकांवर वापरात आहे, ती संख्या दाबा.”

“एक दाबा,” डॉक्टर घाईनं म्हणाला. “एक! दुसरं काही दाबलंत तर संपलं. मग पुन्हा कुणी उभं करत नाही.”

सुनेचं बोट वरच राहिलं.

“वहिनी, दवाखान्याचं काम आहे. दाबा एक.”

“खोटं कसं दाबू?” ती म्हणाली. “चालू आहे ना तो.”

तिनं दोन दाबलं.

डॉक्टर मटकन खुर्चीत बसला. मला डोळ्यांसमोर दुकानाचं कुलूप दिसलं, आणि तिची बांधलेली बॅग.

फोनवर थोडा वेळ संगीत वाजलं. मग खरी मुलगी बोलली. तिच्या मागे बऱ्याच जणांचा गलका होता, आणि ती काहीतरी चघळत होती.

“मॅडम, दुसरा संगणक तुमचाच का?”

“घरचाच.”

“मग त्याचा हक्क तिथूनच सोडावा लागेल. आत्ता तो चालू दिसतोय मला. कोण बसलंय त्याच्यावर?”

सुनेनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“माझे मिस्टर,” ती म्हणाली.

“अच्छा. मग सोपं आहे. मी तिकडे प्रश्न पाठवलाय, परवाना सोडायचा का म्हणून. त्यांना फक्त ‘हो’ म्हणायला सांगा. जवळच आहेत ना?”

सुनेनं फोन छातीशी धरला. मागच्या खोलीकडे तिची पाठ होती. ती वळली नाही. मुलगा असताना ती त्याला चहाला हाक मारायची, तेवढ्याच आवाजात म्हणाली,

“अहो. हो म्हणा. मला इथे लागतंय.”

पात्याचा आवाज थांबला.

रस्त्यावरही काही वाजत नव्हतं.

“मॅडम?” फोनमधली मुलगी म्हणाली. “हां, झालं. आला होकार. आकडे लिहून घ्या.”

मी लिहून घेतले. सुनेनं घातले. कोपऱ्यातली फिकट अक्षरं गेली, ती आजतागायत आली नाहीत. यादीत एकच नाव राहिलं, ‘पुढचं टेबल’. डॉक्टर पाणी न पिता निघून गेला. अजूनही बोलावलं की येतो, पण दारातूनच विचारतो, “मागे कुणी नाही ना?” आणि ते विनोदासारखं म्हणायचा प्रयत्न करतो.

दवाखान्याच्या पाट्या वेळेत लागल्या. सुनेच्या भावानं त्या जाऊन पाहिल्या आणि “अक्षर चांगलं आहे” एवढं म्हणाला. ती कुठे गेली नाही. बॅग माळ्यावर आहे.

नंतर आम्ही लाल रोल मागवला. व्यापाऱ्याच्या पट्टीनं बंद केलेला, वरचं प्लॅस्टिक मीच फोडलं. यंत्रात लावायला उलगडत गेले, तर बऱ्याच आत, कोऱ्या व्हिनाइलमध्ये, एक भोक होतं. ळ च्या आकाराचं. अक्षर उचलून नेलेलं होतं, आतली दोन पोटं तेवढी मागच्या कागदाला चिकटून राहिली होती.

दोन पोटांच्या मध्ये, जिथे रेघ उलटी वळते, तिथे खाच होती.

मी ते सुनेला दाखवलं. तिनं बराच वेळ त्यावर बोट फिरवलं.

“हातानं कापतायत,” ती म्हणाली. “संगणक मी काढून घेतला ना.”

मी चष्मा लावून नीट पाहिलं. ळ चे काठ जागोजागी फाटल्यासारखे होते. पातं बोथट झालं की असंच होतं, ओढून कापावं लागतं, मनगट दुखतं.

दुकान बंद करताना मी पात्यांच्या डबीतून एक नवं पातं काढलं, हातानं कापायच्या मुठीत बसवलं आणि मागच्या टेबलावर, धूळ नसलेल्या त्या चौकोनात ठेवलं.

पुढच्या रोलमधला ळ स्वच्छ होता.