एखादी लाट दुपटीची

तो आला तो भांडायलाच. केसांतून पाणी निथळतंय, शर्ट अंगाला चिकटलेला, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी. हवामान केंद्राच्या नुकत्याच पुसलेल्या लादीवर ओले ठसे उमटवत तो थेट तिच्या टेबलापाशी येऊन थांबला.

"रेडिओवर समुद्राची बातमी वाचतं ते कोण?"

"मी." तिने मान वर केली नाही. नकाशावरची रेघ अर्धी राहिली होती.

"सकाळी दोन मीटरच्या लाटा म्हणालात ना? त्यातली एक माझ्या लाँचवर चढली. चांगली चार मीटरची होती! माझी चप्पल घेऊन गेली."

आता मात्र तिने वर पाहिलं. रागावलेला माणूस इतका... असो. तिने स्वतःला आवरलं.

"दोन मीटर म्हणजे मोठ्या लाटांची सरासरी, कप्तान. अधूनमधून एखादी दुपटीचीही येते. समुद्र काही माप घेऊन लाटा कापत नाही."

"मग हे बातमीत का नाही सांगत?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. बातमीचा मजकूर मात्र वर्षानुवर्षं ठरलेला होता. आधी वारा, मग लाटा, मग धुकं, मग धन्यवाद. त्यात पदरचं काही घालायचं नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद. साहेब म्हणजे तिचे सख्खे मामा. पण केंद्रात त्यांना मामा म्हणायची सोय नव्हती. एकदा चुकून तोंडातून गेलं, तर दिवसभर गाल फुगवून बसले होते.

"सांगेन," ती म्हणाली. "संध्याकाळी ऐका."

"आणि माझी चप्पल?"

"ती ज्याने नेली त्याच्याकडे मागा."

संध्याकाळी तिने बातमी वाचली, आणि धन्यवादाच्या आधी क्षणभर थांबून म्हणाली, "एखादी लाट याच्या दुपटीचीही असू शकते. सावध राहा." साहेब केबिनमधून तीरासारखे बाहेर आले.

"हे शेपूट कुणाला विचारून लावलंस?"

"कुणालाच नाही."

"लोक घाबरतील!"

"घाबरू देत की. कोरडे तरी राहतील."

मग ते रोजचंच झालं. मामा रोज चिडायचे, ती रोज शेपूट लावायची. धक्क्यावर तिचं नावच दुप्पटबाई पडलं. आणि कप्तान... त्याला केंद्रात रोज काही ना काही काम निघू लागलं. कधी वारा विचारायला, कधी भरतीची वेळ विचारायला. भरतीची वेळ त्याला झोपेतसुद्धा ठाऊक होती, हे तिला ठाऊक होतं. तरीही ती अगदी गंभीरपणे सांगायची.

"एवढं समुद्राचं सांगता," एकदा त्याने विचारलं, "कधी आत गेलायत?"

ती गेली नव्हती. पण हे कबूल करेल तर ती कसली! "रविवारी येते," ती ताठ मानेने म्हणाली.

रविवारी लाँच धक्क्यापासून जरा लांब गेली मात्र, तिचं पोट ढवळायला लागलं. चेहरा पांढराफटक. कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून ती उभी राहिली.

"हसा खुशाल," ती दात आवळून म्हणाली.

"हसत नाहीये... फारसा." त्याने सुकाणू सांभाळत तिच्या हातात अर्धं लिंबू दिलं. "खाली पायांकडे बघू नका. दूर, जिथे पाणी संपतं तिथे बघा."

"आणि तुमच्याकडे बघितलं तर?"

उलटीच्या धास्तीत माणूस काय बोलून जाईल याचा नेम नाही. तिचे कान तापले. लाँच उगाचच डावीकडे वळली.

"बघा ना," तो सुकाणूशी बोलल्यासारखा म्हणाला. "फक्त मग... लाँच सरळ जाईल याची हमी नाही."

लिंबू कधी संपलं, तिला कळलंही नाही.

आणि मग तो नव्या धक्क्याच्या उद्घाटनाचा दिवस उजाडला. आकाश लख्ख निळं, पान हलत नव्हतं. पाहुण्यांना कप्तानाच्या लाँचमधून समुद्रात फिरवून आणायचं ठरलं होतं. पण तिच्यासमोरचा नकाशा वेगळंच बोलत होता. दूर दक्षिणेला मोठं वादळ होऊन गेलं होतं, आणि त्याच्या लांब लाटा इकडे निघाल्या होत्या. दुपारपर्यंत तीन मीटर, असा तिचा हिशेब.

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. "आज इशारा द्यायचा नाही. वरून फोन आलाय. आणि आकाश बघ जरा!"

"आकाशाचा काय संबंध, साहेब? वादळ तिथेच राहतं, लाटा चालत येतात."

"आणि नाही आल्या तर?"

"तर मी चुकले."

"तर हा माइक विसरायचा," साहेब म्हणाले. "उद्यापासून जावक टपालावर शिक्के मारशील. भाची म्हणून गय करणार नाही, सांगून ठेवतो."

जगात तिला त्या माइकइतकं काहीच आवडत नव्हतं... म्हणजे, परवापरवापर्यंत तरी. ती आत गेली, लाल दिवा लागला, आणि तिने इशारा वाचला. शेपटासकट.

मग ती धावतच धक्क्यावर गेली. तिथे लाँचचा मालक लालबुंद होऊन ओरडत होता, नटूनथटून आलेले पाहुणे ताटकळत उभे होते, आणि कप्तान शांतपणे लाँचचा दोर खुंटाला गुंडाळत होता.

"त्या दुप्पटबाईच्या नादाला लागून माझा धंदा बुडवणार हा!"

"नादाला लागलोय, हे खरं," कप्तान सगळ्यांदेखत म्हणाला. "पण लाँच सुटणार नाही."

कुणीतरी शिट्टी मारली. तिला जमीन दुभंगावी असं वाटायला हवं होतं, पण तिने उलट पदर खोचला आणि खुंटाशी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आता सोडवून दाखवा म्हणावं कुणीही!

दुपार झाली. लाटा आल्या... पण किती? एक मीटरच्या, पायऱ्या चाटून परत जाणाऱ्या. लोक पोट धरधरून हसले. पाहुण्यांनी जमिनीवरच फीत कापली आणि निघून गेले. मालकाने कप्तानाकडून लाँचची किल्ली काढून घेतली.

धक्का रिकामा झाला. दोघं खालच्या पायरीवर बसले.

"चुकले मी," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, पण आवाज स्थिर होता.

"पुन्हा असाच नकाशा दिसला तर?"

"पुन्हा हेच सांगेन."

"मग मीही पुन्हा दोर बांधेन."

"का पण? नोकरी गेली तुमची!"

"तुमचा अंदाज दरवेळी खरा ठरतो म्हणून नाही ऐकत मी. कुणाचा फोन आला म्हणून तुम्ही लाट लहान करत नाही... म्हणून ऐकतो. मला आवडता तुम्ही. फार."

"तुम्ही काय तुम्ही," ती नाक ओढत म्हणाली. "तू म्हण."

"तू—"

पुढचं राहूनच गेलं. कुठून कोण जाणे, एक लाट उठली. इतर लाटांच्या चांगली दुपटीची. पायऱ्या चढून ती दोघांच्या डोक्यावरून गेली, आणि परत जाताना चारही चपला घेऊन गेली. बघायला धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं.

"आली!" ती ओरडली. "बघितलीस ना? आली!" आणि हसता हसता तिने त्याचा ओला हात धरला तो सोडलाच नाही.

तशीच ती केंद्रात शिरली, लादीवर चार अनवाणी पायांचे ओले ठसे उमटवत. साहेब दारातच उभे होते.

"मामा," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "हा तुमचा जावई. आणि संध्याकाळची बातमी मी वाचतेय. शिक्के उद्यापासून."

"मला कुणी विचारलंच नाही," कप्तान पुटपुटला.

"नाही म्हणायचंय?"

"छे!"

मामांना ओलांडून ती आत गेली, मामा मागोमाग. तिने माइक जवळ ओढला. वारा, लाटा, धुकं. मग ती क्षणभर थांबली. मामांचा हात माइक बंद करायच्या बटणाकडे गेला, आणि त्यांची नजर लादीवरच्या त्या ठशांवर पडली. हात तिथेच राहिला.

"एखादी लाट," काचेपलीकडे थांबलेल्या अनवाणी माणसाकडे बघत ती म्हणाली, "याच्या दुपटीचीही असू शकते."

आणि त्या दिवशी 'सावध राहा' म्हणायला ती साफ विसरली.