जामनेरच्या मशीनचं झाकण

मी कीर्तनातली बाई आहे. मृदंगावर थाप पडली की तव्यावरची पोळी तशीच टाकून निघणारी. भुताखेताच्या गोष्टी सांगून मला काही मिळवायचं नाही. पण हे मी स्वतः पाहिलंय. आणि रात्री नाही...

भर दुपारी.

साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. जळगावची एमआयडीसी. एप्रिलचा शेवट, आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. त्या दिवसांत दुपारी आमच्याकडे रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. सगळं पांढरंफटक, आणि एवढी शांतता की पत्रा तापून तडकल्याचा आवाज येतो.

मी धुळ्याहून डिप्लोमा करून आलेली. प्रकाशचंद शेठजींच्या कारखान्यात डाळ मिलची मशीनं बनायची, त्यांची ड्रॉइंगं मी काढायची. शेठजींनी नुकताच कॉम्प्युटर आणला होता, कॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरसह. त्याच्यासाठी काचेची केबिन, एसी, आणि दाराबाहेर चपला काढायची पट्टी. धूळ चालत नाही म्हणून. शेठजीसुद्धा चपला काढूनच आत यायचे. देवघरासारखं.

मी रोज कॉम्प्युटरला नमस्कार करूनच बटण दाबायची. लोक हसायचे. हसू देत.

त्या आठवड्यात जामनेरच्या एका मिलसाठी मशीन निघत होतं. आखाजीच्या मुहूर्तावर चालू करायचं ठरलेलं. माझ्याकडे काम एकच राहिलं होतं. कपलिंग.

कपलिंग म्हणजे मोटरचा शाफ्ट, फिरता दांडा, आणि मशीनचा शाफ्ट जोडणारा भाग. दोन गोल चकत्या, समोरासमोर बोल्टने आवळलेल्या. चकती शाफ्टवर घसरू नये म्हणून मध्ये एक लोखंडी चावी, पाचरीसारखी, ठोकतात. तिचं डोकं बाहेर राहतं, बोटाच्या पेराएवढं. परत काढता यावी म्हणून.

मशीन फिरायला लागलं की ते डोकं दिसत नाही. पण कपडा जवळ आला की सोडत नाही.

म्हणून मी ड्रॉइंगमध्ये त्यावर पत्र्याचं झाकण दाखवलं होतं.

शेठजी म्हणाले, "बेटा, पार्टीला झाकण नको आहे. चावी ढिली झाली की झाकण खोला, पुन्हा लावा. सीझनमध्ये टाइम कुठे असतो? काढून टाक."

"शेठजी, कुणाचा हात गेला तर?"

"अगं, ते लोक वर्षानुवर्षं मशीन चालवतात. आपल्यापेक्षा जास्त समजतं त्यांना."

ते मशीन चालवणार होता हिलाल. जामनेरच्याच मिलचा ऑपरेटर, पंचविशीचा, अखंड बडबड्या. मशीन समजून घ्यायला आमच्याकडे येऊन राहिला होता. खांद्यावर कायम लाल गमछा.

मी म्हणायची, "हिलाल, मशीनजवळ तरी गमछा काढत जा."

तो म्हणायचा, "ताई, गमछा काढा तं बायको वळखत नही माले!"

आणि सगळे हसायचे. मीही.

त्या दुपारी सगळी माणसं जेवून शेडमागच्या कडुनिंबाखाली आडवी झाली होती. मी केबिनमध्ये एकटी. शेठजींनी सांगितलं होतं, म्हणून झाकण पुसून टाकलं. मन खात होतं. मन खायला लागलं की मी नामाचा गजर गुणगुणते. आदल्या संध्याकाळच्या कीर्तनातली चाल तोंडात बसली होती, तीच धरली.

शेवटी, सवयीप्रमाणे, जोडणी तपासायला टाकली.

कॅडमध्ये तशी सोय असते. दोन भाग एकमेकांत घुसतात का, ते कॉम्प्युटर बघतो. घुसत असले तर जेवढा भाग घुसला तेवढा तुकडा वेगळा करून दाखवतो. सगळं बरोबर असेल तर शून्य.

माझं सगळं बरोबर होतं.

पडद्यावर आलं... एक.

चावीच्या डोक्यात काहीतरी घुसलं होतं. मी भाग मोजले. मी काढलेल्यापेक्षा एक जास्त होता.

जवळ नेऊन पाहिलं. चावीभोवती पिळा पडलेलं काहीतरी. घड्या घड्या. ओलं फडकं पिळताना दिसतं तसं...

मी ते पुसलं. म्हटलं, चुकून काहीतरी निघालं असेल हातून. गुणगुणत पुन्हा तपासायला टाकलं.

आणि तेव्हा ऐकू आलं.

थाप.

माझ्या गजराला कुणीतरी ठेका देत होतं. मांडीवर देतात ना, तसा. हळू. अगदी बरोबर मात्रेवर. पण ती टाळी नव्हती...

एकाच हाताची थाप होती.

मी गप्प झाले. थापही थांबली.

पडद्यावर पुन्हा... एक.

या वेळी पिळ्याच्या टोकाला पाच बारीक दांड्या होत्या. सगळ्या सारख्या लांबीच्या नव्हत्या. एक बाजूला, आखूड.

 पुसलं. पुन्हा टाकलं. का टाकलं, देव जाणे.

या वेळी मनगट आत गेलेलं होतं.

पुढच्या वेळी... कोपर.

ड्रॉइंग स्थिर होतं. एकही भाग हलत नव्हता. तरी ती चावी कुणाला तरी आत ओढत होती. मी बघत होते तेवढा वेळ.

मी खुर्ची लोटून दाराकडे धावले.

दाराबाहेर, पट्टीवर, माझ्या चपलांच्या शेजारी आणखी एक जोड होता. टायरच्या तळाचा. पुरुषाचा. नीट जोडून ठेवलेला. त्यावर पिवळी पूड साचलेली.

मी आले तेव्हा तिथे फक्त माझ्या चपला होत्या.

चपला बाहेर होत्या...

म्हणजे ज्याच्या होत्या, तो आत होता.

मागे वळून बघायचं धाडस माझ्यात नव्हतं. अनवाणीच निघाले. तापलेल्या फरशीवर पाय भाजले, तेही नंतर कळलं.

निंबाखाली आमचे जुने फिटर झुलाल नाना पडले होते. मला बघून उठूनच बसले.

"पोरी, काय व्हयनं? तोंड पांढरं पडी गयं तुन्हं."

मी सांगितलं. पाच दांड्यांचं सांगितलं, थापेचं सांगितलं. ते ऐकत होते. चपलांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"टायरन्या?"

"हो, नाना."

"कौतिक," ते म्हणाले.

मग मला कळलं. चार-पाच वर्षांपूर्वी, जामनेरच्या त्याच मिलमध्ये, दुसरीकडून आणलेलं जुनं मशीन होतं. कौतिक नावाचा माणूस ते चालवायचा. कपलिंग उघडं. उपरण्याचं टोक चावीत गेलं, आणि उपरण्यामागून हात. जळगावला आणता आणता वाटेतच गेला.

"भजनी माणूस व्हता," नाना म्हणाले. "यंत्रजवळ चपला काढीसनच जाये. लक्ष्मी शे म्हने."

आम्ही दोघं केबिनपाशी आलो. पट्टीवर माझ्याच चपला होत्या. शेजारची जागा मोकळी.

पण फरशीवर पिवळी पूड होती. नानांनी बोटावर घेऊन वास घेतला.

"तूरडाळ."

आमच्या कारखान्यात डाळीचा दाणा येत नाही. आम्ही फक्त मशीनं बनवतो.

शेठजी आले तेव्हा मी त्यांना जोडणी तपासून दाखवायला गेले. पडद्यावर आलं, शून्य. पुन्हा टाकली. शून्य.

"बघ," शेठजी म्हणाले, "सगळं ठीक तर आहे."

भुताचं बोलून उपयोग नव्हता. मी हात जोडले.

"शेठजी, तुम्ही पाणी गाळून पिता. सूर्य मावळला की जेवत नाही. डोळ्यांना न दिसणारा जीव मरू नये म्हणून. हिलाल तर रोज तुमच्यासमोर बसून चहा पितो हो."

शेठजी काचेतून शेडकडे बघत राहिले. तिथे हिलाल कुणाची तरी नक्कल करून पोरांना हसवत होता. गमछा हवेत उडत होता.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "लाव झाकण. पार्टीशी मी बोलतो."

मी ड्रॉइंगमध्ये झाकण परत घातलं. तपासलं. शून्य. देवाचे आभार मानले, आणि त्या संध्याकाळी कीर्तनात पोटभर रडले.

आखाजीला जामनेरला मशीन बसलं. शेठजी आणि नानांबरोबर मीही गेले होते. नानांनी झाकणाचे चारही बोल्ट हातानेच फिरवून ठेवले. म्हणाले, चाचणी झाली की पान्ह्याने आवळू.

हिलालने झाकणावर टिचकी मारली. "ताई, हाई टोपलं कसाले बसाडं? कोंबडी झाकानी शे का?"

"हो, तुझ्यासारखी कोंबडी!" मी म्हटलं.

नारळ फुटला. मशीन फिरायला लागलं. हिलाल आवाज ऐकायला वाकला... आणि गमछा खांद्यावरून घसरला.

टोक सरळ कपलिंगवर पडलं.

पत्र्यावर फडफडलं. आणि खाली गळून गेलं.

 हिलालने गमछा उचलला, घडी केली आणि खिशात कोंबला. त्यानंतर तो खांद्यावर मी कधी पाहिला नाही.

वाचला पोरगा. गोष्ट इथे संपली असती तर मी आनंदाने सांगत फिरले असते.

मशीन बंद केलं. शाफ्ट थांबला. सगळं शांत झालं. नाना पान्हा घेऊन बोल्ट आवळायला बसले...

आणि बसूनच राहिले.

"नाना?"

"हाई मी आवळेल नही."

चारही बोल्ट गच्च होते. पान्हा लावला, हलेनात. पान्ह्याला पाइप लावून दोघांनी जोर केला. पान्हा वाकला. बोल्ट नाही.

नानांनी झाकणाला कान लावला. मीही लावला. पत्र्याच्या आत, थांबलेल्या शाफ्टपाशी, काहीतरी अगदी हळू फिरत होतं. पत्र्याला आतून चाचपत... चाचपत. हात कडेवरून फिरवावा, फट शोधावी, तसं.

शेठजी म्हणाले, "राहू दे. खोलायचं नाही." ग्रीसची नळी बाहेरूनच होती. चावी कधी ढिली झालीच नाही. वर्षानुवर्षं ते झाकण कुणी उघडलं नाही.

आमच्या महाराजांना मी एकदा कीर्तनानंतर गाठून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माउली, त्यानं पोराला वाचवलं. चांगल्या जीवाचं काम आहे. नाव घेत जा." मी घेते. रोज त्याच्या नावानं दिवा लावते.

पण मनात येतं, त्यानं ते झाकण आतून धरून ठेवलं होतं... की मी त्याला आत कोंडलं? चपला बाहेर काढून, भल्या मनानं सांगायला आलेल्या माणसाला?

आता ती मिल बंद पडली आहे. मशीन भंगारात निघालंय. झाकण खोलता येत नाही, म्हणून गॅसकटरवाल्याला बोलावलंय. हिलाल आता आजोबा झालाय. पण कटरवाल्याला तो थांबवून बसला आहे. परवा त्याचा फोन आला.

"ताई, झाकण तुमनं शे. तुम्हीच सांगा. कापू का नको?"

मी म्हटलं, "अरे, एवढं काय घाबरतोस? बंद मशीन आहे."

त्यानं आवाज खाली आणला.

मग म्हणाला, "वीज तोडाले दोन महिना व्हयनात, ताई. बठ्ठं मशीन थंड शे. झाकणले हात लावा तं..."

"तर काय?"

"गरम लागस. अंगाले ताप ऱ्हास ना, तसं."

कटरवाला अजून थांबलाय.