उलटी फिरवलेली टेप

दुपारचे तीन वाजले असतील. आमच्या बँडच्या पहिल्या रेकॉर्डला चाळीस वर्षं झाली म्हणून ती नव्याने निघणार होती, आणि जुन्या टेप ऐकायला मला त्याच स्टुडिओत बोलावलं होतं. रेकॉर्डिंग बघणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची. चहा पुढे करत ती म्हणाली, "काका, रेकॉर्डसोबतच्या पुस्तिकेत तुमच्यावरचे प्रभाव लिहायचेत. काय सांगू?"

हे मला तोंडपाठ होतं. "जुना ब्लूज, जॅझ, थोडा चर्चमधला ऑर्गन."

"आणि शेवटच्या गाण्यातला तो विचित्र आवाज? सगळे त्यालाच खरा प्रयोग म्हणतात."

"तो माझा," मी म्हणालो.

तुम्हाला खरं सांगतो. तो आवाज स्टुडिओत झाडलोट करणाऱ्या मावशींचा होता. लादी पुसताना त्या एक अंगाई गुणगुणायच्या. मी दाराआड माइक ठेवून, त्यांना न विचारता, ती टेप केली आणि गाण्यात उलटी फिरवून लावली. गाणं गाजल्यावर एक दिवस त्या हात पुसत समोर आल्या.

"दादा, उलटी केली तरी मला ओळखू येते हो. माझी मुलगी गेली, तेव्हा हीच म्हणून निजवली तिला. सुलट लावा हवी तर. उलटी नका लावू... जागी होईल ती."

सगळा बँड बघत होता. मी हसलो. म्हणालो, "मावशी, काहीतरी गैरसमज होतोय तुमचा." त्या बादली उचलून गेल्या, आणि पुन्हा कामाला आल्या नाहीत.

रेकॉर्डिंगवाल्या बाईने आता टेपवरून तेवढाच आवाज वेगळा काढून लावला. उलटी अंगाई खोलीत पसरली. तिच्याखाली कुणाचा तरी श्वास होता. लहान, झोपेतला. मग तो अडखळला.

"आई..."

मी म्हणालो, "बंद करा."

"टेप केव्हाच बंद केलीय, काका." तिने काचेकडे बोट दाखवलं. "हे आतल्या माइकवरून येतंय."

काचेपलीकडची खोली रिकामी होती. ओल्या लादीचा वास येत होता.

मग मी तिला सगळं सांगितलं. मान वर करवेना. तिने हळूच विचारलं, "पुस्तिकेत त्यांचं नाव काय लिहू?"

"माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही."

तिने काचेपलीकडच्या खोलीचं दार उघडलं. मग म्हणाली, "आत जा. माझ्यापुढे बोलून काय उपयोग?"

मी आत गेलो. माइक तोंडाशी ओढून स्टँडचा स्क्रू घट्ट आवळला. "चूक माझी होती," एवढं कसंबसं म्हणालो आणि डोळे मिटून ती अंगाई गायलो. सुलट, पहिल्यापासून. शेवटपर्यंत.

डोळे उघडले तेव्हा माइक माझ्या कमरेइतका खाली होता. स्क्रू तसाच घट्ट. जाळीवर श्वासाची वाफ धरली होती.

काचेपलीकडे बाई उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या शेजारी, जरा खाली बघत होती.